छातीवर बसलेली म्हैस

दुबेजी बोलायला उठले तेव्हा हिरामणने मनाशी म्हटलं, आता पंधरा मिनिटं गेली. राजपुऱ्यातली धर्मशाळा, खाली सतरंजी, वर चार पंखे, त्यातले दोनच फिरणारे, आणि समोर खुर्चीवर सुपडूचा फोटो, झेंडूचा हार घातलेला. फोटो निलेशच्या, म्हणजे सुपडूच्या पोराच्या लग्नातला. कापून मोठा केलेला. त्यात सुपडूच्या खांद्यावर कोणाची तरी चार बोटं राहून गेली होती, बाकी माणूस कापला गेला होता. ती बोटं आपलीच आहेत हे हिरामणला बसल्याबसल्या ओळखू आलं आणि तेव्हापासून त्याने उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला होता. दुबेजी कागद मिलच्या टाइम ऑफिसातले, पूर्वेकडचे, पस्तीस वर्षं इकडे काढून मराठीतलं फक्त 'काय भाऊ' शिकलेले. माणूस भला. त्यांनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि जड आवाजात म्हणाले, "सुपडूजी ने जीवन भर चेष्टा की." आता हिंदीत चेष्टा म्हणजे धडपड, कष्ट. आपल्यात चेष्टा म्हणजे मस्करी, टिंगल. बुऱ्हाणपुरातल्या मराठी माणसाला दोन्ही ठाऊक असतं, पण कान आधी आईचाच शब्द ऐकतो. मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. दुबेजी म्हणाले, घर में चेष्टा, मिल में चेष्टा, मोहल्ले में चेष्टा, कोई साथ दे न दे, अकेले चेष्टा करते रहते थे. आता सतरंजीवरचे निम्मे लोक माना खाली घालून बसले, खांदे हलू लागले, रुमाल तोंडावर गेले. हिरामणच्या पोटातून हसू असं वर आलं की त्याला वाटलं, आता मोठ्याने फुटणार, आणि सुपडू असता तर त्यानेच आपल्याला कोपर मारून फोडलं असतं. तेवढ्यात दुबेजी म्हणाले, "अंतिम साँस तक चेष्टा करते रहे." हसू गळ्यापर्यंत आलं होतं ते तिथेच अडकलं आणि तोंडातून एक आवाज निघाला. ना हसण्याचा, ना रडण्याचा. दाराच्या बिजागरीत कापड सापडावं तसा. शेजारच्याने पाठीवर हात फिरवला. लोकांना वाटलं जिवलग मित्र, आवरत नाहीये बिचाऱ्याला. पण हिरामण त्या आवाजानेच गार पडला होता. हाच आवाज त्याने मागच्या शनिवारी फोनमध्ये ऐकला होता. सुपडूचा शेवटचा श्वास चालू असताना त्याने सुपडूला 'चेष्टा नको करू' असं म्हटलं होतं, आणि ही गोष्ट धर्मशाळेत बसलेल्या एकालाही माहीत नव्हती.

सभा संपायच्या आधीच तो बाहेर आला. चपलांच्या ढिगात आपली चप्पल सापडेना, मग सापडली. चैत्राचं ऊन चार वाजले तरी जसंच्या तसं. गल्लीत दोन्ही अंगांनी पॉवरलूमची खटखट. बाहेरगावचा माणूस आला की म्हणतो, तुम्ही झोपता कसे. आणि इथल्या माणसाची तर लाइट जाऊन लूम थांबले की झोप मोडते. हिरामण त्या खटखटीत चालत होता आणि गळ्यावर हात ठेवून पाहत होता, तो आवाज पुन्हा काढता येतो का. येत नव्हता. सहा दिवस त्याने स्वतःला सांगितलं होतं की तो हसला. सुपड्या हसला आणि फोन कटला. सुपड्या हसतच होता ना, जन्मल्यापासून. म्हणजे जन्माची गोष्टच हसण्यासारखी नव्हती खरं तर. खकनारकडच्या खेड्यात त्याच्या आईची पाच लेकरं एकामागून एक गेली होती. सहावा हा झाला तेव्हा सुइणीने त्याला सुपात घातला, दाण्यासारखा पाखडला, उंबऱ्याबाहेर ठेवला आणि मग शेजारणीने उचलून पुन्हा आईला आणून दिला, म्हणजे देवाला वाटावं की हे यांचं नाहीच, टाकून दिलेलं आहे. म्हणून नाव सुपडू. तो सांगायचा, भो, मी कोंडा आहे, कोंड्याला कोण नेतं, नेतात ते दाणे. नव्या माणसाची ओळख झाली की पहिली गोष्ट हीच सांगायचा, आणि वर म्हणायचा की यमाच्या रजिस्टरमध्ये माझं नाव शेजारणीच्या खात्यावर आहे, तो तिकडेच विचारून राहिला असेल. हसायचे लोक. हिरामणबी हसायचा, चाळीस वर्षं तीच गोष्ट ऐकून. आज चालताना त्याच्या डोक्यात पहिल्यांदा आलं की त्या शेजारणीचं नाव काय होतं, हे आपण कधी विचारलंच नाही. उचलून तर तिनेच दिला होता.

मिलमध्ये दोघं एकाच आठवड्यात लागले. हिरामण मशीनवर, सुपडू कागद मोजायच्या खात्यात. तिथे नुसती गंमत होती त्याची. कागदाची थप्पी अंगठ्याने अशी पसरवायचा की पंखा उघडावा, आणि पाच-पाच पानं मोजत जायचा, तोंडाने कोणाची तरी नक्कल चालू, मोजणी एका पानाने चुकायची नाही. बुऱ्हाणपूरहून सकाळच्या पॅसेंजरने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं. एकदा होळीच्या आधी गाडी अशी भरलेली की पाय ठेवायला जागा नाही, आणि हिरामणच्या अंगात ताप. सुपडूने त्याच्या कानात सांगितलं, माझ्याकडे पाहू नको, फक्त रड. आणि दारातच धाडकन आडवा झाला. डोळे उघडे, जीभ बाहेर. हिरामणला रडता कुठलं येतं, त्याने तोंड झाकलं. लोक म्हणाले, अरे गेला, गेला, बाजूला व्हा. दोन बाकडी रिकामी झाली. एकावर मयत, एकावर मयताचा भाऊ. एका म्हातारीने स्वतःच्या पदराने त्याचे डोळे मिटले. स्टेशन आलं तसा सुपडू उठला, म्हातारीच्या पाया पडला आणि म्हणाला, मावशी, तुमच्या हाताला गुण आहे. तिने चप्पल काढून हाणली त्याला, आणि हसत हसत हाणली. तेव्हापासून मिलमध्ये कोणी आजारपणाची रजा मागितली तर सायेब विचारायचे, सुपडूवाला बिमार या असली? असं चार-पाच वेळा मेलेला माणूस तो. एकदा कागदाच्या रद्दीच्या ढिगात मेला, एकदा निलेश बारावीला नापास झाला तेव्हा घरी मेला, म्हणजे बाप रागावण्याऐवजी पोरगं बापाला उठवत बसावं म्हणून. रंभाबाई, त्याची बायको, स्वयंपाकघरातूनच ओरडायची की मेले असाल तर बाहेर ओट्यावर जाऊन मरा, मला झाडायचं आहे.

पण त्याची चेष्टा नुसती चेष्टा नव्हती, हे हिरामणइतकं कोणाला माहीत. त्याची स्वतःची पोरगी सविता सासर सोडून परत आली त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या खिडक्या अर्ध्या उघड्या होत्या. रिक्षातून बॅगा उतरत होत्या आणि कोणी बोलत नव्हतं. हिरामणला दारात उभं राहायची लाज वाटत होती, बापाला स्वतःच्या पोरीची, खोटं कशाला बोला. तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून सुपडू बनियानवर उतरला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, आली का सविता, किती वाट पाहायला लावली पोरी, तू गेल्यापासून तुझ्या काकूने चहात साखर घातली नाही, अन् त्या तुझ्या सासूला कळव की दोन बॅगा राहिल्या असतील तर सुपडूकाका येऊन नेतील, काका एकदा बसले की जेवल्याशिवाय उठत नाहीत. सविता हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसली असेल. खिडक्या पूर्ण उघडल्या, बाया बाहेर आल्या, कोणी पाणी आणलं. एका वाक्यात त्याने जी गोष्ट लाजेची होती ती घरची करून टाकली. हिरामणने त्याला त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. आपल्यात असं म्हणतात कुठे. दुसऱ्या दिवशी दोघं जयस्तंभाकडे गेले आणि हिरामणने त्याला पावशेर मावा जलेबी खाऊ घातली, झालं. सुपडूला सगळं समजलं असणार. तो बोटं चाटत म्हणाला होता, तुझी अजून एक पोरगी आहे ना रे, तिच्याबी सासरचं पाहू का काही.

आणि मग मागच्या महिन्यातली ती कवळीची गोष्ट. तीच आडवी आली. सुपडूने नवी कवळी बसवली होती आणि एका दुपारी त्याचा फोन आला, हिऱ्या, दात घशात गेले, दात घशात गेले. आवाज असा घोगरा की हिरामण जेवणावरून उठला, हात तसाच खरकटा, एका पायात चप्पल नाही, भिंतीला लागून घर तरी धापा टाकत गेला. तर सुपडू झोपाळ्यावर बसून केळं खात होता. म्हणाला, दात घशात गेले नाहीत, केळं गेलं, दात डबीत आहेत, मी फक्त पाहून राहिलो होतो की तू किती वेळात येतो, पन्नास सेकंद लागले, म्हातारा झाला तू. हिरामण त्या दिवशी खरंच चिडला. त्याने शपथ घेतली की यापुढे तू खरा मेला तरी मी पळत येणार नाही. हे तो बोलला होता. रंभाबाई हसत होती, सुपडू हसत होता, केळ्याचं साल हिरामणच्या खांद्यावर उपरण्यासारखं ठेवलं होतं त्याने. आता राजपुऱ्याच्या गल्लीतून चालताना ते वाक्य हिरामणला एवढं मोठ्याने ऐकू आलं की लूमची खटखटसुद्धा त्याच्या मागे गेली.

शनिवारी सकाळी अकरा वाजून गेले होते. रंभाबाई आठच्या बसने खकनारला गेली होती, बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. सुपडू म्हणाला होता की मला गुडघे आहेत, मी नाही येत, तूच जा, माझ्या वाटच्या घुगऱ्या आण. हिरामण ओट्यावर कूलरच्या जाळ्यांत नवं गवत भरत होता, त्याची बायको सरस्वती जवळ बसून मेथी निवडत होती. फोन वाजला. सुपडू म्हणाला, "हिऱ्या, छातीवर म्हैस बसली रे भो. उठून नाही राहिली. ये ना इकडे." हळू बोलला. तेवढंच वेगळं होतं, की हळू बोलला. पण हळू बोलणं त्याला काय येत नव्हतं, त्याला साऱ्या मिलचे आवाज यायचे. हिरामण म्हणाला, "बसली तर दूध काढून घे. चेष्टा नको करू सकाळी सकाळी." पलीकडून तो आवाज आला. आणि फोन बंद. सरस्वतीने विचारलं कोण, त्याने सांगितलं, सुपड्या, छातीवर म्हैस बसली म्हणतो. ती म्हणाली, मग गवळ्याला बोलवा म्हणावं. दोघं हसले. हे दोघांनी केलं होतं, हसले होते, मेथीच्या ढिगाच्या दोन बाजूंना बसून. त्यानंतर हिरामणने मुद्दाम वेळ लावला. जाळ्या भरल्या, दाढी केली. कवळीचा बदला घ्यायचा म्हणून त्याला एक गंमत सुचली: म्हैस बांधायला दोरी घेऊन जायची. आणि मग त्या दोरीसाठी त्याने सारं घर उचकलं. माळ्यावर चढला, सरस्वती खालून म्हणत होती की पलंगाखाली पाहा. दोरी सापडली तेव्हा साडेबारा होत होते. तो दोरी हातात गुंडाळत, मोठ्याने म्हशीला हाकारे घालत सुपडूच्या दारात गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. सुपडू दारापासून दोन हातांवर खुर्चीत होता, एका पायात चप्पल, दुसरी पुढे पडलेली. म्हणजे तो उठला होता. निघाला होता. हिरामण दोरी हलवत म्हणाला की कुठे आहे रे तुझी म्हैस, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाला, आणि तिसऱ्यांदाबी म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना त्याला कळलेलं होतं, तरी म्हणाला. मग लोक जमले, डॉक्टर आला, फोन गेले. त्याने सगळ्यांना सांगितलं, चहा प्यायला म्हणून गेलो तर हा असा. दोरी दाराआड पडली होती. तिरडी बांधायला घेतली तेव्हा सुतळी कमी पडली आणि कोणाच्या तरी हाताला तीच लागली. हिरामणने पाहिलं. नदीपर्यंत त्याने पुढचा उजवा दांडा खांद्यावर घेतला होता आणि त्याच्या डोळ्यांपुढे ती दोरी होती, त्याची स्वतःची, निळ्या धाग्याची.

हे झालं एवढ्यावर असतं तर माणूस आतल्या आत गिळून बसला असता. किती गोष्टी गिळतो माणूस. पण रावेरहून सुपडूची बहीण सुलभा आली. वाईट बाई नाही ती. सुपात पाखडलेल्या भावाच्या पाठीवर झालेली एकुलती एक, भावानेच वाढवलेली, लग्न लावून दिलेली. तिला कोणावर तरी रडायचं होतं, आणि जवळ होती रंभाबाई. आल्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची की माझ्या भावाला शेवटचं पाणी विचारायला घरात माणूस नव्हतं, भिंतीशी बोलत मेला माझा भाऊ, बायको बारशाला. रंभाबाई उलट बोलायची नाही. ही बाई, जिने नवऱ्याला पन्नास वेळा ओट्यावर जाऊन मरा म्हटलं, ती आता तोंड उघडायची ते फक्त एवढं सांगायला की ते गेले तेव्हा मी घुगऱ्या खात होते. भेटायला आलेल्या प्रत्येकाला. पहिलं वाक्य तेच. घुगऱ्या खात होते मी, मीठ कमी आहे म्हटलं मी. लोक म्हणायचे असं नको बोलू बाई, नशीब असतं, आणि सुलभा तिकडून म्हणायची, नशीब कशाला, घरात बाई असती तर हाक ऐकली असती. हाक. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून सरस्वती रोज दोन वेळा भाकरी-पिठलं करून द्यायची, आणि तो डबा हिरामण न्यायचा, आणि बाहेर ओट्यावर बसायचा, आणि खिडकीतून हे सगळं त्याच्या पाठीवर पडायचं. हाक ऐकली होती. ऐकणारा बाहेर बसलेला होता. त्याला वाटायचं उठून आत जावं, आणि मग वाटायचं चाळीस वर्षांचं घर आहे, हे आपल्याच तोंडाने बंद होईल. या घरात त्याने दार वाजवलं नव्हतं कधी. सुपडू नाही, निलेश इंदूरला निघून जाणार, तर निदान वहिनीच्या हातचा चहा, तो झोपाळा, सविताला इथून येणारी हाक, एवढं तरी राहावं. म्हणून गप्प. आणि घरी सरस्वतीबी गप्प. त्या शनिवारपासून मेथी आणली नव्हती तिने. दोघं जेवायला बसायचे आणि मीठ मागण्याइतकंबी बोलायचे नाहीत. एकदाच ती ताट घासता घासता म्हणाली की रंभाबाईने तीन दिवसांत अर्धी भाकरी खाल्ली आहे. तिने एवढंच सांगितलं. हिरामणला सगळं ऐकू आलं.

तो सुपडूच्या घरी पोचला तेव्हा पुरुष माणसं अजून धर्मशाळेतच होती. पुढच्या खोलीत तिघी. रंभाबाई भिंतीला टेकून, हात मांडीवर उलटे पडलेले. सुलभा भावाचे शर्ट घड्या घालत होती. सरस्वती दारापाशी, पदराचा सुटलेला धागा ओढत. हिरामण उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसला. रंभाबाईने विचारलं, कोण कोण बोललं. त्याने सांगितलं, दुबेजी बोलले. ती म्हणाली, चांगलं बोलले असतील. तो म्हणाला, हाव. सुलभा शर्टाची कॉलर दाबत म्हणाली, बोलणार ना सगळे, बोलायला काय जातं, पण माझा भाऊ भिंतीशी बोलत गेला ते कोण सांगेल. रंभाबाईने मान खाली घातली आणि तिचे ओठ त्या घुगऱ्यांच्या वाक्यासाठी हलायला लागले. हिरामणला ते वाक्य सातव्या दिवशी ऐकवेना.

"सुलभाताई, भिंतीशी नाही बोलला तो," तो म्हणाला. "माझ्याशी बोलला."

मग त्याने सांगितलं. सरळ नाही सांगता आलं. आधी कूलरचं सांगितलं, मग मधेच दोरीचं, मग पुन्हा मागे जाऊन अकरा वाजले होते, अकरा वाजून गेले होते, हे दोनदा. कवळीचं सांगायला लागला तर रंभाबाईने हात वर करून थांबवलं, ते तिला माहीत होतं. तिचे डोळे आता त्याच्यावर होते, सात दिवसांत पहिल्यांदा कोणावर तरी ठरलेले.

"काय बोलले? बोलले तसंच सांगा."

"हिऱ्या, छातीवर म्हैस बसली रे भो. उठून नाही राहिली. ये ना इकडे."

"माझं विचारलं?"

"नाही, वहिनी."

"मग तुम्ही काय म्हटलं?"

"दूध काढून घे म्हटलं. चेष्टा नको करू म्हटलं." हे शब्द खोलीत पडले तेव्हा सुलभाच्या हातातला शर्ट तसाच राहिला. सरस्वतीने धागा ओढायचं थांबवलं, पण मान वर केली नाही.

"मग?"

"मग आवाज आला. अन् फोन कटला."

रंभाबाई थोडी पुढे सरकली. गुडघा जमिनीवर घासल्याचा आवाज आला. "कसला आवाज, भाऊ?" तिने विचारलं. "हसले?"

सहा दिवस हिरामण हेच तर ऐकत होता, झोपेत, जेवताना, डबा हातात घेऊन चार पावलं चालताना. सहा दिवस त्याने तो आवाज हसण्याच्या बाजूला लोटत नेला होता, आणि जवळजवळ नेलाच होता. आणि तासाभरापूर्वी धर्मशाळेत त्याच्या स्वतःच्या गळ्यातून तोच निघाला. तो गळा हसत नव्हता. एवढं तर त्याला आता ठाऊक होतं, दुसऱ्या कोणाला कधी कळणार नव्हतं. खरं सांगायलाच आलो आहे तर हेबी सांगावं, असं त्याच्या मनात आलं. समोर रंभाबाई वाट पाहत होती, तोंड किंचित उघडं, एखाद्या पोरीसारखी. तिच्या डोक्यात त्या क्षणी तो माणूस अजून अर्धा जिवंत होता, हसत होता की नव्हता एवढंच ठरायचं बाकी होतं.

"हाव, वहिनी," हिरामण म्हणाला. "हसला."

"मग बरं," ती म्हणाली. तिने भिंतीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज न करता, किती वेळ. सुलभाबी रडली, शर्ट तोंडाशी धरून, पण आता ती काही म्हणत नव्हती. म्हणण्यासारखं तिच्याकडचं संपलं होतं. बाहेर कोणाची तरी केळ्यांची गाडी गल्लीत अडकली होती, ड्रायव्हर हिंदीत कोणाला तरी स्कूटर हटवायला सांगत होता. हिरामणला वाटलं, झालं, सांगून झालं. छाती हलकी व्हायला पाहिजे होती. झाली नाही. तिथे आता नवंच काहीतरी येऊन बसलं होतं, आणि ते कोणाला सांगायचं नव्हतं.

रंभाबाईने पदराने तोंड पुसलं. आवाज अगदी रोजचा होता तिचा, भाजीवालीशी बोलावं तसा. ती म्हणाली की फोनचं मी काही नाही म्हणत, भाऊ. तुमच्या जागी कोणीबी असतं तर तेच म्हटलं असतं, त्यांनी सगळ्यांना तशीच सवय लावून ठेवली होती. फोनचं नाही.

"पण हे सहा दिवस," ती म्हणाली. "मला बोलणं बसत होतं अन् तुम्ही ओट्यावर होते. मी तुमच्याच घरचा घास खाऊन राहिली होती."

"हाव."

"सरस्वती, तुलाबी माहीत होतं?"

सरस्वतीने पदराचा धागा बोटाला गुंडाळला, इतका घट्ट की बोट पांढरं पडलं. रंभाबाईने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने सुलभाच्या हातातला शर्ट ओढून घेतला, झटकला आणि स्वतः घडी घालायला लागली. म्हणाली, उद्यापासून डबा नको, आम्ही चूल पेटवू. मग दोन घड्या पडल्या, आणि हिरामणला समजलं की आता उठायचं असतं.

तो उठला. मयताच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, तो शब्द तिथे अशुभ, माणूस नुसता उठून जातो. आणि हिरामणला तर या घरात तो शब्द कधी लागलाच नव्हता. चाळीस वर्षं तो इथून असाच उठून गेला होता, बोलणं अर्धं टाकून, चहाचा कप अर्धा टाकून, कारण बाजूच्या घरात जायला निरोप कोण घेतं. तो पायरीपर्यंत गेला. चपला पायात घालायला वाकला.

"भाऊ," रंभाबाई आतून म्हणाली. "निघताना येतो म्हणत जा आता."

सुलभाने दचकून मान वर केली. सुतकात, भाभी, ती म्हणाली. रंभाबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. ती शर्टाच्या बाह्या मागे दुमडत होती आणि थांबली होती.

हिरामण वाकलेला सरळ झाला. खिडकीच्या गजांतून त्याला तिचा फक्त हात दिसत होता, शर्टावर ठेवलेला.

"येतो, वहिनी," तो म्हणाला, लांबून आलेला पाहुणा म्हणतो तसा, आणि चपला हातातच घेऊन गल्लीत उतरला.